शेततळ्यात पाणी आलं कुठून?

मे महिना, जालना जिल्हा. वरून घेतलेला हा फोटो बघा, सगळं रान करपून तपकिरी झालंय, ओढे कोरडेठाक, आणि मधेच हे गडद चौकोन दिसतायत ना, ती शेततळी. प्लास्टिक अंथरलेली, बहुतेक बागायतदारांची.

फोटो युरोपच्या सेंटिनेल-2 या सॅटेलाइटचा आहे, कुणालाही फुकट मिळतो, दर 5 दिवसांनी नवा. यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 10 बाय 10 मीटर. 2016 ला सरकारने 'मागेल त्याला शेततळे' आणलं, त्यातलं मोठ्यात मोठं तळं 30 बाय 30 चं, म्हणजे इथे जेमतेम 9 ठिपके! तरी सापडतं, कारण पाणी इन्फ्रारेड किरणं शोषून घेतं आणि आजूबाजूच्या मातीत काळं उठून दिसतं.

पण तळी मोजणं हे सोपं काम. खरी गंमत तारखांमध्ये आहे. शेततळं कशासाठी, तर पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला, निदान कागदावर तरी. मग ते भर पावसाळ्यात भरलं पाहिजे. आणि काही तळी भरतात पाऊस गेल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात. आकाशातून तर पडलं नाही, मग आलं कुठून?

जागेवर गेलं की लगेच कळतं. चारही बाजूंनी उंच बांध, बाहेरचं पाणी आत शिरायला वाटच नाही, आणि कोपऱ्यात काठावरून आत सोडलेला पाइप. विहिरीचा नाहीतर बोअरचा. आयआयटी मुंबई, पुण्याची वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, अशा बऱ्याच जणांनी यावर अभ्यास केलाय.

आता शेतकऱ्याला शिव्या घालू नका हं. 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, वर्षानुवर्षं जपलेली झाडं डोळ्यांदेखत गेली, तो माणूस पाणी साठवणारच. पण खाली आहे काळा पाषाण, पाणी साठतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरुमात, आणि तो साठा बांधाबांधाने वाटलेला नसतो, एकाने जोरात उपसलं की शेजाऱ्याची विहीर उतरते. वर आणलेलं पाणी उन्हात उघडं पडतं ते वेगळंच. पातळी 1 सेंटिमीटर उतरली तरी 30 बाय 30 च्या एका तळ्यातून 9 हजार लिटर उडालं, जवळपास एक टँकर.

आणि इथेच सॅटेलाइट कमी पडतो. ज्याच्याकडे तळं आहे तो 9 ठिपक्यांत दिसतो, ज्याची विहीर आटली तो दिसतच नाही, कारण विहिरीचं तोंड बहुतेक वेळा एका ठिपक्यापेक्षाही लहान. म्हणून मग नकाशावर गट नंबर टाकायचे, फोनवर जीपीएस लावायचा, टेप घेऊन विहिरीविहिरीवर जायचं, पाणी किती खोल गेलंय ते मोजायचं, आणि घरच्यांना विचारायचं, बोअर कधी मारला, किती फुटांवर लागलं, उन्हाळ्यात मोटर किती वेळ चालते?