वाचकाने विचारलेला प्रश्न कोणत्या वहीत लिहिता?

गावोगावच्या ग्रंथालयांत काम करणाऱ्या ताई-दादांनो आणि कार्यवाह मंडळी,

तपासणीच्या दिवशी तुमच्या टेबलावर काय काय मांडलेलं असतं, ते मला माहीत आहे. दाखलनोंद वही, देवघेव वही, वर्गणीची पावतीपुस्तकं, हजेरीपट, किर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 साली झाला. तेव्हापासून ग्रंथालयांच्या अ, ब, क, ड वर्गांच्या चौकटीत आपण नोंदी ठेवायला चांगले शिकलो. पण या नोंदी पुस्तकांच्या आणि पैशांच्या आहेत. काल संध्याकाळी एक माणूस काहीतरी विचारायला आला आणि उत्तर न मिळता परत गेला, त्याची नोंद यातल्या एकाही वहीत नाही. ज्ञान व्यवस्थापन, म्हणजे असलेलं ज्ञान जपून गरजूपर्यंत पोचवणं, या विषयावर जाडजूड ग्रंथ आहेत. आपल्या गावात मात्र तो विषय त्या परत गेलेल्या माणसापासून सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून आणखी एक वही घाला. तारीख, प्रश्न, उत्तर कुठे सापडलं, आणि सापडलं नाही तर कोणाकडे पाठवलं, एवढे रकाने पुरेत. प्रश्न मात्र विचारणाऱ्याच्याच तोंडचा लिहा. "पऱ्हाटीचं फूल उमलतच नाही, गुंडाळल्यावानी रायते," असं कोणी म्हणालं तर तसंच उतरवा. त्याऐवजी "कीड व्यवस्थापनाबाबत माहिती हवी" असं लिहिलंत, तर त्यातलं सगळं कामाचं गळून जातं. कारण पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि ते गुंडाळलेलं फूल म्हणजे डोमकळी. गुलाबी बोंडअळी कळीत शिरली की आतून धाग्यांनी पाकळ्या बांधून टाकते, आणि फूल मिटलेल्या गुलाबासारखं दिसतं. त्या शेतकऱ्याने किडीचं नाव न घेता तिचं अचूक वर्णन केलेलं आहे.

आता त्याला पुस्तक देऊन भागत नाही. त्याला एक पान हवं. डोमकळीचा फोटो, ती दिसली की तोडून अळीसकट नष्ट करा, मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे एकरी दोन लावा, सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा शेतात फिरून तोडलेल्या 20 हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, तरच फवारणीचा विचार करा, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी ठेवून घेतलेलं पीक, घेऊ नका. ही माहिती गुप्त नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे आहे. ती एका पानावर आणून, कपाशी फुलावर येण्याच्या आधी फलकावर लावणं, हे ग्रंथपालाचं काम. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. कापसाच्या हंगामात दहा दिवसांचा उशीर म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि ती वही पुढच्या वर्षी उघडा. पहिली डोमकळी कोणत्या तारखेला, कोणत्या शिवारात दिसली हे त्यात आलेलं असेल. असं चार-पाच वर्षांचं टिपण ही तुमच्या गावाची स्वतःची माहिती. ती विद्यापीठाकडेही नाही.

दुसरी गोष्ट थोडी कडवट आहे, पण बोललीच पाहिजे. आपल्या कपाटात चुकीची झालेली माहिती बसलेली आहे. एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली बंदी आणली. त्याआधी छापलेल्या शेतीच्या पुस्तकांत ते फवारायला सांगितलेलं सापडतं. बोंडअळीला मारणारा गुण बियाण्यातच असलेल्या बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हाचा बोंडअळीबद्दलचा सल्ला त्या वेळेपुरता बरोबर असेल, पण पुढे गुलाबी अळी बीटीला दाद देईनाशी झाली आणि 2017 च्या हंगामात तिने विदर्भाची कपाशी पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. अशा जिल्ह्यात औषधांवरचं जुनं पुस्तक मुकाट्याने देवघेवीत ठेवणं मला मान्य नाही. निर्लेखनाला, म्हणजे पुस्तक नोंदीतून काढून टाकायला, मंजुरी लागते, वेळ लागतो, कबूल. पण आतल्या पानावर "हा सल्ला आता लागू नाही, टेबलावर विचारा" अशी चिठ्ठी चिकटवायला कोणाची परवानगी लागत नाही.

संगणकाबद्दल थोडक्यात. ई-ग्रंथालय, कोहा ही ग्रंथालयाच्या कामाची सॉफ्टवेअर परवाना विकत न घेता मिळतात, जमेल त्यांनी जरूर वापरावीत. फक्त पऱ्हाटी, कपाशी, कापूस यांपैकी काहीही शोधलं तरी वाचक एकाच जागी पोचला पाहिजे, एवढं बघा.

आता सगळ्यात अवघड भाग. मायकेल पोलान्यी या विचारवंताने 1966 साली मांडलं की माणसाला शब्दांत सांगता येतं त्याहून बरंच जास्त कळत असतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या लोकांना याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. तिकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, घ्या. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले, कागद कचेरीत गेले. पण पाळ कुठे झिरपते, तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, किती उघडलं की शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेतापर्यंत, पाणी जातं, हे पाणी वाटणाऱ्या जुन्या पाटकऱ्याच्या डोक्यात राहिलं. बेशरम ही तलावात माजणारी वनस्पती वाढली की कोणता मासा दिसेनासा होतो, हे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बायका सांगतात. त्यांना "माहिती द्या" म्हटलं तर त्या गप्प बसतील. तलावावर त्यांच्यासोबत चालत जा, जागेवर विचारा, मोबाइलवर आवाज टिपा, आणि घरी येऊन त्यांच्याच बोलीत लिहून काढा. ग्रंथालयात पुस्तकांची सूची असते तशी जाणत्या माणसांचीही ठेवा: कोणाला काय येतं, आणि भेटायचं कधी.

मात्र त्यांना विचारल्याशिवाय काहीही फलकावर किंवा इंटरनेटवर टाकू नका. एखाद्या वैदूचं झाडपाल्याचं ज्ञान हे त्याच्या पोटापाण्याचं साधन असतं. जैवविविधता कायदा 2002 चा. त्याप्रमाणे ग्रामपंचायतीच्या समितीने गावातल्या झाडं-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या ज्ञानाची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. तुमच्या गावाची झाली असेल तर समितीशी बोला. तिचा कोणता भाग वाचकांना दाखवायचा आणि कोणता कपाटात राहू द्यायचा, हे त्यांना ठरवू द्या, आणि ते लेखी घ्या.

प्रश्नांची वही मात्र पेरणीच्या आधीच सुरू करा. बियाण्याच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून घ्यायला लोक तेव्हाच येतात.