सायकल येते, रस्ता येतो का?

(शाळांमध्ये सायकल सुरक्षेचे वर्ग घेणारे शिक्षक आणि स्वयंसेवक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सायकल येणं आणि रस्त्यावर सायकल चालवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोल सांभाळायला मूल गल्लीतच शिकतं, दोनचारदा गुडघे फोडून घेतं आणि मोकळं होतं. त्यासाठी आपली गरज नसते. पण हँडल न हलवता मागची गाडी बघणं, बसच्या कुठल्या बाजूला उभं राहू नये हे ओळखणं, उभ्या मोटारीचं दार कधीही उघडेल हे धरून चालणं, या गोष्टी कुणी शिकवल्याशिवाय येत नाहीत. आपलं निम्मं काम हे आहे. उरलेलं निम्मं रस्त्याचं आहे. शाळेच्या फाटकासमोरून गाड्या सुसाट जात असतील तर सगळी काळजी दहा वर्षांच्या मुलाने घ्यायची, असं म्हणणं मला पटत नाही.

सुरुवात सायकलीपासून करू. शाळेच्या सायकल स्टँडवर सर्वांत जास्त दिसणारा दोष कुठला? मापाचा. वाढत्या अंगाचा गणवेश घेतात तशी सायकलही घेतली जाते. पाचवीतल्या मुलाला २६ इंची सायकल, म्हणजे दहावीपर्यंत बघायला नको. मग ते मूल पेडल खाली ढकलताना कमरेतून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घसरतं, आणि त्याबरोबर सायकलही डोलते. थांबायची वेळ आली की पाय जमिनीला पोचत नाही, म्हणून ते थांबायचंच टाळतं. चौकात न थांबणारी मुलं सगळी बेशिस्त नसतात. काहींना थांबताच येत नाही, कारण सीट उंच असते.

माप असं बघा. पेडल अगदी खाली आणा, मुलाला सीटवर बसवा आणि टाच पेडलवर ठेवायला सांगा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो, तेवढा पुरे. ज्याला रस्त्याची सवय नाही त्याची सीट याहून खाली घ्या, दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागतील इतकी. सीटच्या दांड्यावर एक खूण कोरलेली असते. ती फ्रेमच्या नळीच्या आत राहायला हवी. खूण बाहेर दिसत असेल तर दांडा आत पुरेसा उरलेला नाही, आणि एखाद्या खड्ड्यात तो वाकतो किंवा नळीच चिरते. सीट सर्वांत खाली घेऊनही पाय पोचत नसेल तर ती सायकल त्या मुलाची नव्हे. हे पालकांना स्पष्ट सांगायचं, संकोच करायचा नाही.

आता ब्रेक. इथे घाई करू नका, प्रत्येक सायकलीला हात लावा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे ढकला. पुढचं चाक फिरलं नाही पाहिजे, मागचं उचलायला लागलं पाहिजे. मग मागचा ब्रेक दाबून सायकल मागे ओढा. मागचं चाक घासत आलं पाहिजे. पुढचा ब्रेक बहुतेक सायकलींना उजव्या हाताला असतो, पण धरून चालू नका, मुलालाच दाबून बघायला सांगा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर ती आणि हँडल यांच्यात दोन बोटं जातील एवढी जागा उरायला हवी. लिव्हर हँडलला टेकत असेल तर एकतर केबल सैल पडली आहे, नाहीतर रबर झिजलं आहे. रबर रिमपासून दोन ते तीन मिलिमीटर लांब हवं आणि दाबल्यावर पूर्ण रिमवर बसायला हवं. ते वर सरकून टायरला लागत असेल तर आठवडाभरात टायरची कड कापली जाते आणि मग ट्यूब फुटते.

केबल ठीक, रबर नवं, तरी ब्रेक लागत नाही, असंही होतं. अशा वेळी रिमवर बोट फिरवून बघा. बहुधा तेल लागलेलं असतं. मूल हौसेने चेनला तेल द्यायला बसतं आणि जे जे फिरतं त्या सगळ्याला तेल देतं. साबणाच्या पाण्याने रिम पुसा, रबरावरून पॉलिश पेपर फिरवा. चेनला तेलाचे थेंब द्यायचे, पेडल उलटं फिरवायचं आणि वरचं तेल फडक्याने पुसून घ्यायचं. शिलाई मशीनचं तेल चालतं. स्वयंपाकाचं गोडं तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. गिअर नसलेल्या सायकलीची चेन मधोमध धरून वरखाली केली तर एक ते दीड सेंटिमीटर हलली पाहिजे. त्याहून सैल असेल तर चढावर जोर लावताना उतरते, आणि जोर लावलेला पाय एकदम मोकळा सुटून मूल आडवं होतं.

हवा रोज अंगठ्याने दाबून बघायची. टायरच्या बाजूवर किती पीएसआय हवा भरायची ते छापलेलं असतं, पंक्चरवाल्याकडे गेल्यावर तो आकडा मुलाला वाचायला लावा. पंक्चर सापडत नाही पण सकाळी चाक बसलेलं असतं, तर व्हॉल्व्हवर पाण्याचा थेंब टाका. बुडबुडा आला तर आतली रबरी नळी गेली आहे. ती किरकोळ किमतीची वस्तू आहे, दोन मिनिटांत बदलते.

दप्तर हँडलला अडकवू देऊ नका. हँडल एका बाजूला ओढलं जातं, आणि डब्याची पिशवी हेलकावे खात पुढच्या चाकाच्या तारांत गेली की चाक जागच्या जागी थांबतं आणि मूल हँडलवरून पुढे पडतं. दप्तर पाठीवर घ्यायचं नाहीतर कॅरियरवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्याने घट्ट बांधायचं, पट्ट्याचं टोक लोंबकळू न देता. ओढणीची दोन्ही टोकं कमरेला गाठ मारून बांधायची. हेल्मेट असेल तर भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली घट्ट. मागे सरकवून टोपीसारखं घातलं तर कपाळ उघडं राहतं.

रिफ्लेक्टरबद्दल एक गैरसमज आहे: तो असला की दिव्याची गरज नाही. पुढे पांढरा, मागे लाल, पेडलवर पिवळे, हे सगळे हवेतच. नव्या सायकलींना ते लावण्याबाबत केंद्र सरकारचा २०२० चा आदेशही आहे. पण रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, गाडीच्या दिव्याचा उजेड त्याच्यावर पडला तरच तो चमकतो. आडव्या रस्त्यावरून येणाऱ्या गाडीचा उजेड चौकात पोचेपर्यंत तुमच्यावर पडतच नाही. संध्याकाळच्या क्लासला जाणाऱ्या मुलांना दिवा लागतोच.

मैदानावरचे वर्ग असे घ्या. तीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद जागा पुरते. एका प्रशिक्षकामागे दहा मुलं, त्याहून जास्त नकोत. फक्कीने तीस सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी आखा. त्यातून सरळ जाणं हा पहिला धडा. दुसरा धडा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कठीण: त्याच पट्टीतून जाताना उजव्या खांद्यावरून मागे बघायचं. तुम्ही मागे उभे राहा आणि बोटं वर करा. मूल मागे बघून किती बोटं ते ओरडून सांगेल. पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येक मूल पट्टीच्या उजवीकडे बाहेर जाईल, कारण मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हात वळतो आणि हाताबरोबर हँडल. रस्त्यावर हीच ती दोन फुटांची वळवळ, जिच्यावर मागून येणारा टेम्पो आदळतो. उपाय सोपा आहे. उजवा कोपर सैल सोडायचा, हनुवटी खांद्याला लावायची, नजर एक क्षणच मागे न्यायची. दहाबारा फेऱ्यांत जमतं. ते जमल्याशिवाय हात दाखवून वळायला शिकवू नका. हात दाखवणं म्हणजे एका हाताने सायकल चालवणं, आणि मागे न बघता हात दाखवला तर मुलाला वाटतं की आता आपल्याला हक्क मिळाला.

ब्रेकच्या धड्यात दोन्ही ब्रेक एकदम, कमर मागे सरकवून. नुसता पुढचा जोरात दाबला तर कोलांटी, नुसता मागचा दाबला तर घसरगुंडी. पावसाळ्यात रिम ओली असते, पहिली एकदोन चक्करं ब्रेक जवळजवळ धरतच नाहीत. म्हणून उतार किंवा चौक येण्याच्या आधीच हलका ब्रेक लावून रिम कोरडी करायची सवय लावा. ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं यांच्यावर वळू नये, सरळ जावं.

रस्त्यावर आलं की मुलं एकदम कडेला चिकटतात. घरूनच सांगितलेलं असतं, 'अगदी कडेने जा.' त्या कडेला खडी असते, डांबराची तुटलेली धार असते, पावसाळी पाण्याच्या जाळ्या असतात. जाळीच्या फटी रस्त्याला समांतर असतील तर पुढचं चाक सरळ आत जातं. कडेपासून अर्धा ते पाऊण मीटर आत चालावं आणि उभ्या मोटारींपासून एक मीटर लांब. दोन मोटारींच्या मधल्या रिकाम्या जागेत आत-बाहेर करू नये. आत गेलेलं मूल मागच्याला दिसेनासं होतं आणि बाहेर येताना अचानक समोर येतं. उलट्या दिशेने तर कधीच नको. गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात.

बस आणि ट्रकचा धडा शाळेच्या बसवरच घ्या. बस मैदानात उभी करा, हँडब्रेक ओढा, किल्ली काढून तुमच्या खिशात ठेवा. चार मुलांना बसच्या डाव्या अंगाला सायकली घेऊन उभं करा, दोघांना अगदी नाकासमोर. मग एकेका मुलाला चालकाच्या जागी बसवा आणि कोण कोण दिसतं ते विचारा. आपला मित्र तीन फुटांवर उभा आहे आणि दिसत नाही, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की ते मूल विसरत नाही. त्यानंतर फक्कीने दाखवा की वळताना मागचं चाक पुढच्याच्या रेषेतून जात नाही, आतून कापत जातं. डावीकडे वळणाऱ्या बसच्या डाव्या बाजूची जागा बस वळू लागल्यावर उरतच नाही. सिग्नलला बसच्या मागे थांबायचं, बाजूने पुढे घुसायचं नाही.

ऊसपट्ट्यातल्या शिक्षकांसाठी एक वेगळी गोष्ट. हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो. मुलं पहिली ट्रॉली गेली की रस्त्यावर परत येतात. दुसरी ट्रॉली जास्त हेलकावते. तेव्हा साइडपट्टीवर पाय टेकवून थांबायचं, दुसरी गेल्यावर मागे बघायचं आणि मगच निघायचं.

आता रस्त्याचं निम्मं. साधं गणित घ्या. ताशी ५० किलोमीटरने चाललेली मोटार सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, तेवढ्यात १४ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनेही थांबायला आणखी साधारण १४. एकूण २८ मीटर. ताशी ३० ने चाललेली हीच मोटार एकूण १३ मीटरमध्ये थांबते. मूल २० मीटरवर समोर आलं तर ताशी ३० ने येणारा चालक सात मीटर आधी थांबतो, आणि ताशी ५० ने येणारा जवळजवळ ३८ च्या वेगाने मुलावर आदळतो. मूल तेच, चूकही तीच. म्हणून फाटकाजवळ वेग कमी करणारी रचना मागायची: उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग, अरुंद केलेला मार्ग, कोपऱ्यांची छोटी वळणं. नुसती पाटी पुरत नाही.

पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट ते हडपसर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गातून धावणारी बससेवा, सुरू झाली तेव्हा त्या रस्त्यांवर सायकल मार्गही आखले गेले. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. कागद आहे, मार्गही काही ठिकाणी आहेत. मुलं ते का वापरत नाहीत, हे मार्गावर सायकल घेऊन गेल्यावर कळतं. बसथांब्यापाशी मार्ग संपतो, पुढे विजेचा डीपी, मग दुचाकी लावलेल्या, मग प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी उतार आणि चढ. दर तीस मीटरवर खाली उतरून वर चढायचं असेल तर कोण जाईल? फाटकाशी मार्ग सलग ठेवून गाडीने त्यावर चढून यायला हवं. रुंदी एका दिशेसाठी किमान २ मीटर, दोन्ही दिशांसाठी ३ मीटर मागा.

मागणी करायची पद्धत ठरवून घ्या. फाटकापासून चहूबाजूंना ५०० मीटर चालत जा. शाळा भरण्याआधीचा आणि सुटल्यानंतरचा अर्धा तास मोजा, दर १५ मिनिटांची नोंद वेगळी: सायकली किती, चालणारे किती, उलट्या दिशेने किती. उलटे जाणारे जास्त असतील तर मुलांना रागावण्याआधी दुभाजकाला जवळ फट आहे का ते बघा. फट नसली की अर्धा किलोमीटरचा वळसा कुणी घालत नाही. खड्ड्याचा फोटो मोजपट्टी ठेवून काढा. एका अर्जात एकच मागणी लिहा. सात मागण्यांचा अर्ज सात टेबलांवर फिरतो. क्षेत्रीय कार्यालयात देताना आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, त्याशिवाय पाठपुरावा होत नाही. सिग्नल आणि पार्किंगसाठी प्रत वाहतूक शाखेला. महापालिकेबाहेरच्या रस्त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आलं, रस्त्याचा आराखडा आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यास संबंधित यंत्रणेला आणि ठेकेदाराला दंड होऊ शकतो. अर्जात धमकीसारखं नको, पण त्याचा उल्लेख असावा. पुणेकरांकडे सहभागी अंदाजपत्रकाचाही मार्ग आहे. प्रभागातलं ५ लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं, आणि एक झेब्रा उंच करणं किंवा जाळ्या बदलणं हे नेमकं तेवढ्या आवाक्यातलं काम आहे.

शेवटी एक प्रश्न आला आहे: ज्यांना दुरुस्ती परवडत नाही त्या मुलांचं काय? मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकल मिळते, पण पुढच्या पंक्चरचं काय, तोच हा प्रश्न. प्रत्येक शाळेत एक पेटी ठेवा. त्यात उभा पंप, १५ चा पाना, एक ॲडजस्टेबल पाना, टायर काढायचे तीन पत्ते, पंक्चरचे तुकडे आणि सोल्युशन, पॉलिश पेपर, ब्रेकच्या रबरांच्या चार जोड्या, दोन केबल, व्हॉल्व्हच्या नळ्या, तेलाची बाटली. १५ चा पाना पेडलसाठी. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते नेहमीसारखं फिरवाल तर आणखी घट्ट होईल. पेटीची किल्ली शिपाईमामांकडे नको, नववीतल्या दोन मुलींकडे द्या, आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास ती पेटी स्टँडवर उघडी असू द्या.