पाऱ्याचा रोध नाहीसा झाला तो दिवस

श्रोतेहो, नमस्कार. तारेतून वीज वाहिली की तार तापते, हे आपण घरातल्या इस्त्रीत रोज पाहतो. त्यामागे असतो धातूचा रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. अतिथंडीत हा रोध पार नाहीसा होतो (यालाच अतिसंवाहकता म्हणतात), हे प्रथम दिसले ८ एप्रिल १९११ रोजी, नेदरलँड्समधील लायडन येथे.

तेथील भौतिकशास्त्रज्ञ हाइके कामरलिंग ओनेस यांनी तीन वर्षांपूर्वीच हेलियम वायू अतिशय थंड करून द्रवरूपात आणला होता. इतक्या थंडीत धातूंचे काय होते, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. त्यांनी पारा निवडला, कारण पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफ करून ती परत थंड करून, तो अत्यंत शुद्ध करता येतो. त्या शनिवारी सकाळपासून तयारी चालली होती. पंपांच्या हादऱ्यांनी मोजमाप बिघडू नये म्हणून त्यांचे सहकारी खिल्स होल्स्ट दूरच्या एका अंधाऱ्या खोलीत गॅल्व्हानोमीटरवर, म्हणजे सूक्ष्म वीजप्रवाह दाखवणाऱ्या उपकरणावर, नजर लावून बसले होते. इकडे कारागीर खेरिट फ्लिम शीतयंत्रणा सांभाळत होते. दुपारी चारच्या सुमारास ओनेस यांनी वहीत पेन्सिलीने नोंदवले की पाऱ्याचा रोध जवळजवळ शून्य आहे. लक्षात घ्या, रोध नुसता घटला नव्हता, तो मोजता येईनासा झाला होता. त्याच दिवशी तापमान आणखी उतरवताना हेलियमचे उकळणे एकाएकी थांबल्याचेही त्यांनी टिपले. ती अतिप्रवाहितेची, म्हणजे द्रव घर्षणाविना वाहू लागण्याची, खूण होती, पण तिचा अर्थ लागायला पुढे पाव शतकाहून अधिक काळ जावा लागला.

शोधनिबंधावर नाव मात्र एकट्या ओनेस यांचे आले. होल्स्ट यांचे नाव तेथे असायलाच हवे होते, असे मला मनापासून वाटते. ओनेस यांनी प्रयोगशाळेतच उपकरण-कारागिरांची शाळा चालवली, याचे श्रेय मात्र त्यांना द्यायलाच हवे; भौतिकशास्त्राच्या आपल्या विद्यार्थ्यांनीही काही काळ लेथवर आणि काचकामात घालवावा, असे माझे ठाम मत आहे.

या अतिसंवाहकतेची उपपत्ती १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडली: अतिशीत धातूत इलेक्ट्रॉन जोड्यांनी वावरतात आणि या जोड्यांचा प्रवाह अडखळत नाही. पुन्हा सांगतो, एकेकटे नव्हे, जोड्यांनी. १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्यूलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत हाच गुण बऱ्याच चढ्या तापमानाला आढळला. तेथेही इलेक्ट्रॉनांच्या जोड्याच असतात. त्या कशाने बांधल्या जातात, यावर अद्याप एकमत झालेले नाही.