धरण भरलं, मग नळ कोरडा का?

(दृश्य: सोलापूर. सकाळची चहाची टपरी. बाकावर तिघं, पेपर एकच.)

"उजनी शंभर टक्के भरलंय की बे. मग नळाला चार दिवसांआड पाणी का?"

"वरच्यांनी पैसे खाल्लेत, दुसरं काय! नाही खाल्ले म्हणतोस? दाखव सिद्ध करून."

"तू तर बोलूच नको. तुझीच पाणीपट्टी थकलीय."

तीन माणसं, तीन तर्कदोष. चहा अजून यायचाय.

तिसऱ्याचा दोष सगळ्यात सोपा. पट्टी थकली असेल तर भरायला हवी, पण त्यामुळे समोरच्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. मुद्दा सोडून माणूस धरला, एवढंच. दुसऱ्यानं आरोप स्वतः केला आणि पुराव्याचं ओझं ऐकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलं.

पहिल्याचं बोलणं मात्र ऐकायला अगदी बिनतोड वाटतं.

(दृश्य: उजनी धरण, मग जलवाहिनी.)

भीमेवरचं उजनी शहरापासून शंभरेक किलोमीटरवर. धरण आणि नळ यांच्यामध्ये पंप आहेत, जलवाहिनी आहे, शुद्धीकरण केंद्र आहे, गल्लीगल्लीतल्या टाक्या आहेत. धरणात पाणी असणं ही अट खरी, पण ती एकटी पुरत नाही.

उन्हाळ्यात हाच तर्क उलटा फिरतो. "उजनी मायनस पन्नास टक्के! संपलं धरण." आता आकडे पाहा. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यातला जवळपास 63 टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्यात आपोआप न उतरणारं तळाचं पाणी, आणि 53 टीएमसीच्या वर उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणजे शून्य टक्क्यालाही हिशोबानं 63 टीएमसी असतंच, आणि उणे पन्नासला 36-37. त्यातली किती जागा गाळानं खाल्लीय, हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. पण "मायनस म्हणजे रिकामं" हे चूकच.

आणि एक खबरदारी. टपरीवरच्या तिघांचे तर्क लंगडे निघाले, म्हणून पाणीपुरवठा उत्तम चाललाय असं ठरत नाही. तसं म्हणणं हा चौथा दोष. चुकीच्या कारणानं माणूस बरोबर उत्तराला पोचू शकतो. गणिताच्या मास्तरांना विचारा.

(दृश्य: चादरीचं दुकान. गिऱ्हाइकापुढे घड्या उलगडतायत.)

या दुकानात वात्स्यायनाची आठवण यावी. न्यायसूत्रांवर, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथावर, भाष्य लिहिणारा तो वात्स्यायन. तो उदाहरण देतो: एकजण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे त्याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. समोरचा लगेच म्हणतो, नऊ कुठेत? एकच तर दिसतेय! संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि नऊही. बोलणाऱ्याचा अर्थ कळत असूनही दुसराच अर्थ पकडून त्याला खोटं पाडायचं, याला न्यायशास्त्रानं नाव दिलं वाक्छल. टीव्हीवरच्या चर्चा अर्ध्याअधिक याच्यावरच चालतात.

काउंटरवर एक बाई तक्रार करतायत. "मागं दुसऱ्या गावी घेतली होती. एका धुण्यात रंग गेला. सोलापुरी चादरी आता अशाच!"

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात. चादरींचं तसं नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावायचं, तरी त्या नावानं बाहेरचा माल सर्रास खपतो. बाईंच्या हातात आलेलं शीत या पातेल्यातलं होतं का, हेच आधी बघायला हवं.

मालकांचीही एक खात्री आहे. "डिसेंबरात बोर्ड बदलला, लायटिंगचा लावला. जानेवारीत गिऱ्हाईक दुप्पट!"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला. जानेवारीत थंडी असते. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, बाहेरगावची माणसं शहरात येतात. जुन्या बोर्डाखालीही ती चादर घेऊन गेलीच असती. बोर्डानं काहीच केलं नसेल असं नाही, पण त्याचा वाटा काढायचा तर मागच्या जानेवारीची वही उघडावी लागेल. शेजारच्या दुकानानं बोर्ड बदललेला नाही. त्याचा आकडा मिळाला तर आणखी बरं.

तो मात्र शेजारी देणार नाही.