सरांचं वाक्य

माईसाहेब आंबेडकरांनी सांगितलेली एक आठवण आहे. बाबासाहेब खुशीत असले, की आपल्या एका प्राध्यापकांची नक्कल करून दाखवायचे. त्यांच्या वर्गातल्या लकबी अगदी हुबेहूब. त्या वर्गात बसून तेव्हा तीस वर्षं उलटली होती.

संविधानाच्या मसुद्यावर झिजणारे बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. सरांची नक्कल करणारे बाबासाहेब फारसे कुणी डोळ्यांसमोर आणत नाही. मला तेच चित्र सोडवत नाही. नक्कल जमते ती ज्याच्याकडे जीव लावून पाहिलेलं असतं, त्याचीच.

ते सर म्हणजे जॉन ड्यूई.

हे न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. 1913 च्या जुलैमध्ये सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन बावीस वर्षांचा भीमराव इथे आला. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण पुढच्या वर्षापासून तो ड्यूईंच्या तत्त्वज्ञानाच्या तासालाही बसू लागला. ड्यूई नावाजलेले विचारवंत, पण फर्डे वक्ते नव्हेत. टेबलावर चुरगळलेले पिवळे कागद, नजर खिडकीबाहेर, बोलणं संथ, मध्येच थांबणारं. नवख्याला वाटावं, सरांचा धागा सुटला. टिपणं नीट काढणाऱ्याला मात्र मागाहून उमगायचं, की आपल्यासमोर बसून एक माणूस विचार करत होता.

भीमराव शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा. उद्या सर नसले, तरी त्यांचं प्रत्येक व्याख्यान मी जसंच्या तसं म्हणून दाखवीन, असं तो मित्रांना म्हणायचा, असं सांगतात.

हाच मुलगा साताऱ्याच्या शाळेत कोपऱ्यात गोणपाटावर बसायचा. ते गोणपाट रोज घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला शिवत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नाही, तर पाणी नाही. कोलंबियात त्याला इतरांच्या शेजारी जागा मिळाली. कुणी काही विचारलं नाही. 1930 मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी लिहिलं, की आयुष्यात लाभलेले सर्वांत चांगले मित्र म्हणजे तिथले काही वर्गमित्र आणि तिथले थोर प्राध्यापक. प्राध्यापकांत पहिलं नाव ड्यूईंचं. आपल्या शिक्षकांना त्यांनी मित्रांत धरलं, हे पुन्हा एकदा ऐका. मग ते गोणपाट आठवा.

1916 मध्ये ड्यूईंचं ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ प्रसिद्ध झालं. बाबासाहेबांची प्रत आजही जपलेली आहे, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. त्या पुस्तकात ड्यूईंनी जीवशास्त्रातला एक शब्द समाजाला लावला आहे: एन्डॉस्मॉसिस. पातळ पडद्यातून द्रव झिरपून पलीकडे जातो, ती क्रिया. समाजाचे वरचे आणि खालचे असे दोन भाग पडले, की माणसांमधलं हे झिरपणं थांबतं, असं ड्यूई म्हणतात. ते अमेरिकेत बसून लिहीत होते. 1919 मध्ये मुंबई इलाख्यातला एक तरुण प्राध्यापक मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे हाच शब्द घेऊन उभा राहिला, आणि जातींच्या भिंतींनी इथलं झिरपणं कसं बंद पाडलंय ते सांगू लागला. आठ वर्षांनी महाडला चवदार तळ्याच्या काठी प्रश्न पुन्हा पाण्याचाच होता.

आणि मग 1936. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचा मजकूर पाहिल्यावर परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ म्हणून आपण वाचतो ते हेच. त्यात ते ड्यूईंचा उल्लेख ‘माझे शिक्षक, ज्यांचा मी फार ऋणी आहे’ असा करतात. पण मला थांबवते ती दुसरी जागा. तिथे ड्यूईंचं नाव नाही, वाक्य मात्र जवळजवळ त्यांचंच आहे: लोकशाही ही नुसती राज्यपद्धती नाही, ती मुळात सर्वांनी मिळून जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे. इतकं आत मुरलेलं, की सर कुठे संपतात आणि विद्यार्थी कुठे सुरू होतो, ते दिसत नाही.

लगेच पुढच्या वाक्यात दिसतं. लोकशाही म्हणजे मूलतः सोबतच्या माणसांविषयी आदर आणि पूज्यभाव बाळगण्याची वृत्ती, असं बाबासाहेब लिहितात. सरांच्या वाक्याला ही जोड गोणपाटावर बसलेल्या मुलाने दिली.

1952. कोलंबियाने बाबासाहेबांना सन्मान्य पदवी द्यायचं ठरवलं. इतक्या वर्षांनी पुन्हा न्यूयॉर्क. ड्यूई 92 वर्षांचे होते, त्याच शहरात राहत होते. भेट होणार होती.

1 जूनला ड्यूई गेले.

न्यूयॉर्कहून बाबासाहेबांनी माईसाहेबांना पत्र लिहिलं. प्रोफेसर ड्यूईंना भेटायची फार उत्सुकता होती, पण आमचं विमान रोममध्ये असताना ते वारले. मला फार वाईट वाटतं. माझं सारं बौद्धिक आयुष्य मी त्यांचं देणं लागतो. फार थोर माणूस होता.

5 जूनला समारंभ झाला. बाबासाहेबांनी पदवी स्वीकारली. सरांना जाऊन चार दिवस झाले होते.