अपकारांची खतावणी

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणूक संपते, मांडव उतरतात, भिंतींवरची पत्रके पहिल्या पावसात धुऊन जातात. परंतु त्या दिवसांत आपण एकमेकांना जे बोललो ते घराघरांत मागे राहते. राजकारणावरून दोन भाऊ एकमेकांच्या दारी जाईनासे झाले आहेत, असे एखादे घर या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत सापडेल. अशा रागाच्या काळात ख्रिस्ती माणसाने प्रीती कशी धरून ठेवावी, याविषयी मला आज बोलायचे आहे, आणि त्याची सुरुवात मला माझ्याच घरच्या भांडणापासून केली पाहिजे.

२००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा आमच्या भागातील अनेक गावांनी आपली गावे पालिकेतून वगळावीत म्हणून आंदोलन केले. शेती, वाड्या आणि विहिरींचे पाणी टिकणार नाही, ही आमची भीती होती. पालिका आली तर रस्ते, नळाचे पाणी आणि दवाखाना येईल, असे दुसऱ्या बाजूला वाटत होते. मी वगळण्याच्या बाजूचा आणि माझा थोरला मावसभाऊ पालिकेच्या बाजूचा. एका सभेत, त्याच्या मुलादेखत, ‘दादा, तू गाव विकायला निघाला आहेस,’ असे मी त्याला बोललो. त्यानेही मला तसेच उत्तर दिले. पुढे दोन वर्षे आमचे बोलणे बंद होते. आमच्या दोघांच्या वाड्यांच्या मध्ये एक बावखल आहे, म्हणजे पावसाचे पाणी साठवून आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवणारे जुने तळे. त्याचा गाळ दर उन्हाळ्यात दोन्ही घरांनी मिळून काढायचा, असा वाडवडिलांपासूनचा परिपाठ होता. त्या दोन वर्षांत गाळ निघाला नाही.

मग एका रविवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तो नेमका माझ्या पुढच्या बाकावर आला. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना झाली आणि एकमेकांना शांती देण्याची वेळ आली. तो मागे वळला. त्याने हात पुढे केला, आणि त्या हातावरचे, केळीच्या चिकाने पडलेले काळे डाग मला अगदी जवळून दिसले. तसेच डाग माझ्याही हातावर होते, कारण आदल्या दिवशी आम्ही दोघांनीही आपापल्या वाडीत घड उतरवले होते. मी हात दिला. मात्र मनात त्याचे सभेतले वाक्य शब्दशः उभे होते, आणि ते तसे जपून ठेवण्यात मला एक प्रकारचे समाधान वाटत होते, हे मला आज कबूल केले पाहिजे.

बायबलात प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा, प्रीतीविषयीचा तेरावा अध्याय आपण लग्नात ऐकतो, म्हणून तो नवरा-बायकोसाठी लिहिला आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः पौलाने तो गटातटांनी फाटलेल्या मंडळीला लिहिला. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो म्हणतो की तुमच्यात कोणी म्हणतो ‘मी पौलाचा’, कोणी ‘मी अपुल्लोसाचा’, कोणी ‘मी केफाचा’. आजच्या आपल्या पक्षांची नावे तिथे घालून पाहा. अशा माणसांना उद्देशून तो लिहितो की प्रीती अपकार स्मरत नाही. मूळ ग्रीकमधले येथील क्रियापद हिशेबाच्या व्यवहारातही वापरले जाणारे आहे: मोजणे, खात्यावर मांडणे. म्हणजे प्रीती अपकारांची खतावणी ठेवत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेतही शब्द हिशेबाचाच आहे; आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे सोड, असे तिथे म्हटले आहे. त्या रविवारी ती प्रार्थना म्हणून क्षणभरही झाला नव्हता, आणि माझी वही उघडीच होती.

आज ती वही आपल्या खिशात असते. कोणी फोनवरच्या गटात काय लिहिले, त्याचा फोटो आपण जपून ठेवतो, आणि वर्षभराने योग्य वेळी काढून दाखवतो. सत्य जपण्यासाठी पुरावा ठेवणे निराळे आणि आपल्याच भावाला खाली पाहायला लावण्यासाठी ठेवणे निराळे. हा फरक फोनला कळत नाही, तो ज्याचा त्याने प्रार्थनेत बसून तपासावा लागतो.

येथे एक गैरसमज मला दूर करायचा आहे. प्रीती म्हणजे गप्प बसणे, असे समजून आपल्यातली बरीच भली माणसे राजकारणापासून दूर राहतात. पण येशूने हेरोद या सत्ताधीशाला ‘कोल्हा’ म्हटले आणि मंदिरातील सराफांचे चौरंग उलथले. आमच्याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी धर्मगुरूच्या झग्यात हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व केले; त्यात कोठेही गुळमुळीतपणा नव्हता. पौल त्याच अध्यायात सांगतो की प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यात आनंद मानते. तेव्हा अन्यायाविरुद्ध बोलावे, मत ठामपणे मांडावे, मोर्चातही चालावे. मात्र समोरच्याच्या मुलादेखत त्याचे नाक कापू नये. मी तेच केले होते.

येशूच्या बारा शिष्यांत रोमन व्यवस्थेसाठी जकात गोळा करणारा मत्तय होता, आणि ज्याला जिलोत म्हणत, तो शिमोनही होता. त्या नावाशी रोमविरोधी आवेशाची आठवण जोडली गेली आहे. त्यांची मते पुढे जुळली की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. शेवटच्या भोजनाला मात्र बाराही जण एकाच मेजाशी बसले होते, आणि त्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, असे योहान सांगतो.

त्या रविवारनंतर सहा आठवड्यांनी मी दादाच्या ओटीवर गेलो. पालिकेचा विषय मी काढला नाही. मुलासमोर बोललो होतो म्हणून मुलासमोरच क्षमा मागितली. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने मुलाला आत पाठवून चहा सांगितला आणि मला विचारले, ‘बावखलाचं काय करायचं?’ पालिकेबद्दलची आमची मते आजही वेगळी आहेत, आणि गेल्या निवडणुकीतही आम्ही वेगवेगळ्या उमेदवारांसाठी घरोघर फिरलो. येत्या शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघे मुलांना घेऊन गाळ काढायला उतरणार आहोत.

नमस्कार.