गॅरेजपर्यंत पोचेल एवढंच

मंडळी, रस्त्यात गाडी बंद पडते, सुटा भाग हाताशी नसतो, मदत लांब असते; मग तार, दोरी, टेप, साबण असलं काहीबाही लावून गाडी पुढे न्यावी लागते. अशा वेळी करायच्या युक्त्या शेकड्यांनी सापडतात. मला आज त्या युक्त्यांच्या मागच्या हिशेबाबद्दल बोलायचं आहे. हिशेब एकाच प्रश्नाचा आहे: मी लावलेलं हे ठिगळ वाटेत निघालं, तर काय होईल? ‘गाडी थांबेल’ असं उत्तर आलं तर खुशाल लावा. ‘गाडी थांबणार नाही’ असं आलं, तर पाना खाली ठेवा.

या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पृथ्वीवरचं नाही. डिसेंबर 1972, अपोलो 17 ही चांद्रमोहीम. चंद्रावर चालवायच्या रोव्हरच्या मागच्या उजव्या मडगार्डला अंतराळवीर जीन सर्नन यांच्या खिशातला हातोडा अडकला आणि मडगार्डचा तुकडा निघाला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तिथली धूळ वाऱ्यापाण्याने घासलेली नसते, तिचे कण धारदार असतात. चाक फिरलं की ती अंगावर, यंत्रांवर, सांध्यांवर उडते. शिवाय गडद रंगाची असल्यामुळे ऊन शोषते आणि जिथे बसते तिथली उपकरणं तापवते. सर्नननी तुकडा टेपने चिकटवला. टेप नीट बसेना, कारण पृष्ठभागावर धूळ. थोड्या वेळाने तुकडा पुन्हा गेला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवरच्या इंजिनिअरांनी उपाय कळवला: चार नकाशे एकमेकांना टेपने जोडा आणि यानातल्या दिव्याचे चिमटे काढून ते मडगार्डच्या जागी आवळा. पुढच्या दोन्ही फेऱ्यांत ते नकाशे टिकले.

यात दोन गोष्टी बघा. पहिला प्रयत्न फसला तो टेप वाईट होता म्हणून नव्हे, पुसायला जमलं नाही म्हणून. आपल्याकडे तर कापड असतं, पाणी असतं, तरी तेलकट रबरी होजवर आपण टेप गुंडाळतो आणि मग टेपला शिव्या घालतो. दुसरी गोष्ट म्हणजे, मडगार्डचा आकार परत मिळवायच्या फंदात कोणी पडलं नाही. मडगार्डचं काम काय? धूळ अडवणं. ते ज्याने होईल ते लावलं.

बर्था बेंझबाईंची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ऑगस्ट 1888 मध्ये त्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेली मोटार काढून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. जवळपास शंभर किलोमीटरचं अंतर. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, उघड्या पडलेल्या तारेवर मोज्याचा पट्टा गुंडाळला, असं सांगतात. मला त्याहून मोलाचा वाटतो तो ब्रेक. लाकडी ठोकळे उतारावर झिजायला लागले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे ब्रेकला अस्तर लावलं. ती सोय पुढे कायमची झाली. चांगलं ठिगळ कधी कधी गाडी बनवणाऱ्यालाच त्याची चूक दाखवतं. आणि हो, ब्रेकला हात लावू नका असं मी पुढे सांगणार आहे. पण बाईंच्या गाडीचा वेग आणि आपल्या गाडीचा वेग यांत फरक आहे.

आता बॉनेट उघडू. सर्वांत जास्त वेळा बंद पाडणारी गोष्ट म्हणजे तापलेलं इंजिन, आणि त्यातही फुटलेला होज पाइप, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यात पाणी नेणारी रबरी नळी. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते आणि ती आतला दाब धरून ठेवते. साधारण एक बार जादा दाब असला की शंभर अंशांना उकळणारं पाणी एकशे वीसच्या आसपास उकळतं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब एकदम जातो, आतलं पाणी त्याच क्षणी उकळून बाहेर उसळतं आणि तोंड भाजतं. म्हणून आधी थांबायचं. अर्धा तास, तासभर, जेवढा लागेल तेवढा. घाई असलेल्या माणसाने हे काम करूच नये.

गार झाल्यावर होज तपासा. पुष्कळदा तो क्लिपच्या जवळच, टोकाला चिरलेला असतो. होजला थोडा ढिलेपणा असेल तर चिरलेलं टोक सुरीने सरळ कापून टाका आणि उरलेला होज पुन्हा नळीवर चढवून क्लिप आवळा. ही दुरुस्ती जवळपास पक्कीच. चीर मध्ये असेल तर होज कोरडा करा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापा आणि ताणून, एकावर एक चढवत, चिरेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं पुढे जाईल अशी गुंडाळा. वरून तार. मग पाणी भरा आणि झाकण पूर्ण न आवळता पहिल्या टप्प्यावरच ठेवा. दाब कमी, म्हणून गळती कमी. पण दाब कमी म्हणजे पाणी लवकर उकळणार, तेव्हा हळू चालवायचं. केबिनचा हीटर पूर्ण सोडायचा. तोही एक लहान रेडिएटरच असतो. घाम फुटेल, पण इंजिन वाचेल.

एक धोका बहुतेकांना माहीत नसतो. पाणी पार संपलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो. मग काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. चालकाला वाटतं, निवळलं. तोवर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली सील, उडालेलं असतं. ठिगळ लावलेल्या गाडीत काट्यावर विश्वास ठेवू नका, दर थोड्या वेळाने थांबून, गार होऊ देऊन, पाणी बघा.

पेट्रोलची टाकी झिरपत असेल तर टेप चालत नाही, पेट्रोल त्याचा गोंद विरघळवतं. साबण मात्र पेट्रोलमध्ये विरघळत नाही. कोरड्या साबणाची वडी बाहेरून भेगेवर दाबून घासली की थेंब थांबतात. हे करताना जवळपास ठिणगी नको, इंजिन बंद हवं. सायलेन्सर लोंबत असेल तर दोरी नको, तार हवी, कारण दोरी जळते. आणि सायलेन्सर पुढच्या बाजूला फुटला असेल तर नुसता आवाज ही तक्रार नसते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो केबिनमध्ये शिरतो. पत्र्याचा रिकामा डबा चेपून फुटलेल्या जागेवर क्लिपने बांधा, काचा उघड्या ठेवा आणि जवळच्या गॅरेजच्या पुढे जाऊ नका.

फॅन बेल्टच्या जागी पायमोजे बांधायची युक्ती जुन्या गाड्यांत चालत असे. तिथे एकच व्ही-बेल्ट होता आणि भारही कमी. आताचा बारीक खाचांचा लांब पट्टा एकाच वेळी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, पुष्कळदा इंजिनाचं पाणी खेळवणारा वॉटर पंपही फिरवतो. त्यावर मोजे बांधणं म्हणजे वेळ घालवणं. तुमच्या गाडीत वॉटर पंप कशाने फिरतो, हे मात्र आजच बघून ठेवा. तो वेगळ्या पट्ट्यावर असेल तर अल्टरनेटरशिवायही, दिवे, पंखा, संगीत बंद ठेवून, नुसत्या बॅटरीवर बरंच अंतर काटता येतं. तो त्याच पट्ट्यावर असेल तर तिथेच थांबा.

आता फ्यूज. जळलेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी (चकचकीत कागद) गुंडाळणारे लोक मला सगळ्यात भयंकर वाटतात. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. चांदी जळत नाही, मग वायर जळते, आणि ती डॅशबोर्डच्या आत जळते. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज रेडिओच्या किंवा सिगारेट लायटरच्या जागेवरून काढून बसवा. तोही जळला तर दोष वायरिंगमध्ये आहे, खेळ थांबवा.

ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकाचे नट, इथे ठिगळ नाही. गळणारी ब्रेकची नळी पकडीने चिमटून गाडी चालवल्याच्या कहाण्या लोक अभिमानाने सांगतात. सांगायला उरले म्हणून सांगतात.

गॅरेजला पोचलात की दोन गोष्टी करा. काय काय केलंत ते मेकॅनिकला सांगा, नाहीतर तो तुमच्या ट्यूबच्या पट्टीला मूळ भाग समजून वर्षभर तशीच ठेवेल. आणि तुटलेला तुकडा फेकू नका, त्याच्या हातात द्या. तुटलेल्या कडेचा काही भाग काळपट, गंजलेला, गुळगुळीत आणि उरलेला चकचकीत, खडबडीत असेल, तर तो भाग आज तुटलेला नाही. तिथे कधीपासूनची भेग होती, आज फक्त उरलेली धातू सुटली. मग नुसता भाग बदलून भागत नाही. तिथे हादरे कशाने बसत होते, कुठला बोल्ट सैल होता, ते मेकॅनिकला शोधायला सांगा.